विरोध : एक

नाना, तुम्हाला न्यायची वेळ झाली तेव्हा आमच्या थोरल्या दिरांनी अंगणात विचारलं, "मग, उचलायचं का?" विचारायचं म्हणून विचारलं होतं. पण गावाला तुमची इतक्या वर्षांची सवय. कुणी 'करायचं का?' असं म्हटलं की पुढचा आवाज तुमचाच यायचा, "थांबा. माझा विरोध हाय." त्यामुळं खांदा द्यायला वाकलेली माणसं तशीच थांबली आणि सगळ्यांनी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही काही बोलला नाहीत. मला हसू आलं, खरं सांगते. पदर तोंडाला लावून मी हसले आणि शेजारच्या बायकांना वाटलं, सून हुंदके द्यायलीय. मग खरोखरच रडू आलं, त्यामुळं त्यांचंही फार चुकलं नाही.

आता तेरावा होऊन चार दिवस झालेत. परवा ग्रामसभा झाली. तिथं जे घडलं ते ऐकायला सगळ्यात जास्त तुम्ही हवे होतात. पण मी एकदम तिथंच उडी मारली तर तुम्ही म्हणाल, "अध्यक्ष महोदया, इषयपत्रिकेपरमाणं चला." म्हणून पहिल्यापासून सांगते. मधे बोलू नका. आता तेवढी सवलत मला मिळाली आहे.

तुम्ही माझे चुलत सासरे. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी तुमच्याबद्दल दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. नानांसमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि नानांचं नाव तोंडानं घ्यायचं नाही. मी दोन्ही पाळलं. पंधरा वर्षांत "चहा ठेवू का?" याच्यापुढं तुमच्याशी एक शब्द बोलले नाही. मग सरपंचपद बाईसाठी राखीव झालं. आमच्या ह्यांनी माझा अर्ज भरला, स्वतःच्या मोठ्या फोटोखाली माझा छोटा फोटो छापला, आणि मी निवडून आले. पहिल्या ग्रामसभेला हे माझ्या आधी पोहोचले आणि खुर्चीवर बसले. मी शेजारच्या स्टुलावर. लोक विचारायचे, हे उत्तर द्यायचे, मी मान हलवायची. बैल पोळ्याला सजवून फिरवतात तशी मी नटून बसले होते. तेवढ्यात मागून सतरंजीवरनं तुम्ही उठलात.

"त्या खुर्चीवर कोण बसलंय?"

"आवं नाना, आमीच की," हे म्हणाले. "घरचंच तर हाय."

"घरी तुजी खाट हाय, तिथं खुशाल लोळ. हितं सरपंचाची खुर्ची हाय. माझा विरोध हाय. भाऊसाहेब, लिवून घ्या."

भाऊसाहेब म्हणजे आमचे ग्रामसेवक. त्यांनी पेन उचललं, ह्यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि पेन परत वहीवर ठेवलं. तुम्ही उभेच. शेवटी हे उठले आणि तुमच्या शेजारी सतरंजीवर जाऊन बसले. मी खुर्चीवर बसले. तुम्ही हात जोडून म्हणालात, "अध्यक्ष महोदया, करा सुरू." मला भरून आलं. वाटलं, गावात एक तरी माणूस आपल्या बाजूचा आहे. मी पहिला विषय वाचला आणि तुम्ही पुन्हा उभे राहिलात. "ह्या इषयाला माझा विरोध हाय."

हे त्यानंतर दोन दिवस घरात माझ्याशी बोलले नाहीत. त्या दोन दिवसांत पंचायतीची इतकी कामं मार्गी लागली की तिसऱ्या दिवशी ते बोलायला लागले याचंच मला वाईट वाटलं.

त्याच सभेत दुसरी अडचण आली. ठराव वाचताना विरोध करणाऱ्याचं नाव मोठ्यानं वाचावं लागतं. सासऱ्याचं नाव कसं घ्यायचं? मी "विरोध, आमच्या घरचे थोरले" असं म्हणून पुढं सरकत होते, तर तुम्ही म्हणालात, "अध्यक्षाला सासरा नसतोय. नाव घ्या." मी डोळे गच्च मिटले आणि म्हणाले, "ज्ञानोबा." सभेतल्या चार बायका एकदम "अगं बया" म्हणाल्या. संध्याकाळी तुम्ही घरी आलात, मी पदर सावरून चहा दिला, आणि तुम्ही मला नेहमीसारखं "सूनबाई" म्हणालात. दुपारी जिच्याशी भांडलात ती जणू दुसऱ्याच कुणाची सून होती.

भाऊसाहेबांच्या वहीचा किस्सा तर मी माहेरीसुद्धा सांगते. भाऊसाहेब माणूस चांगला, पण दोन गावांचा कारभार अंगावर. म्हणून सभेचं इतिवृत्त ते सभेच्या आधीच लिहून आणायचे. विषय, चर्चा, 'चर्चेअंती मंजूर', सगळं तयार. माणसांनी येऊन फक्त सह्या करायच्या. तुम्ही प्रत्येक ठरावाला विरोध करताच म्हटल्यावर त्यांनी तेही आधीच लिहायला सुरुवात केली. 'विरोध : एक. ज्ञानोबा.' अर्ध्या गावाचं आडनाव एकच, म्हणून आडनाव लिहायची तसदी ते घेत नसत. एकदा तुम्ही डोळ्याच्या ऑपरेशनला सोलापूरला होतात. इकडं सभा झाली, पाण्याच्या टाकीचा ठराव झाला. परत आल्यावर तुम्ही माहितीच्या अधिकारात नक्कल मागितली. तुमची ती दरखास्त दर महिन्याची ठरलेलीच होती. नक्कल बघता तर काय, तुम्ही गावात नसतानाही विरोध : एक. डोळ्यावर हिरवी पट्टी तशीच ठेवून तुम्ही पंचायतीत आलात.

"भाऊसाहेब, ह्या टाकीला माझा पाठिंबा हाय! धा वर्सं झाली, मीच मागायलोय ती टाकी!"

"नाना, मला वाटलं, तुमचा विरोध असतोयच."

"असतोय. पण त्यो करायचा हक्क माझा हाय. माझ्या वतीनं विरोध करणारे तुमी कोण?"

भाऊसाहेबांनी माफी मागितली. ती लेखी मागावी लागली, कारण तोंडी माफीला तुमचा विरोध होता.

आता रंगाचं. जिल्ह्यात स्वच्छ गावांची स्पर्धा निघाली आणि आम्ही ठरवलं, सगळ्या गावाला एकच रंग द्यायचा. कुठला, यावर अर्धी सभा गेली. प्रत्येक रंगाला कुठला ना कुठला झेंडा चिकटलेला. शेवटी कुणाच्याच झेंड्यात नाही म्हणून गुलाबी निघाला. सगळे हात वर झाले. मला फार अभिमान वाटत होता. इतकी भांडकुदळ भावकी, बांधावरून कोर्टात जाणारी, आणि एका रंगावर एक झाली. तेवढ्यात तुम्ही उठलात. सभेत हशा पिकला, कारण अख्ख्या गावात गुलाबी घर आधीपासून एकच होतं आणि ते तुमचं होतं. लेकीच्या लग्नात तुम्हीच दिलेला रंग.

"नाना, तुमचं घर तर आधीच गुलाबी आहे," मी म्हणाले. "तुम्हाला तर काही करायचंच नाही."

"व्हय. कालपतूर माझ्या मर्जीनं गुलाबी होतं. तुमच्या ठरावानं ते हुकमाचं गुलाबी झालं. तसलं गुलाबी मला न्हाय पायजे."

"पण रंग तोच की!"

"अध्यक्ष महोदया, भाकर बायकोनं वाढली आन् तीच भाकर हवालदारानं तोंडात कोंबली, तर चव सारखी लागंल का?"

ठराव मंजूर झाला. विरोध : एक. आठ दिवसांनी तुम्ही एसटीनं तुळजापूरला गेलात. तिथं एका लॉजला रंग देऊन उरलेले दोन अर्धे डबे तुम्हाला कुणीतरी दिले. एकात कसला तरी निळा, एकात तांबडा. पुरत नव्हते म्हणून तुम्ही ते एकत्र ढवळले. झाला तो वांग्याचा रंग. साधासुधा नाही, भरताचं वांगं भाजायच्या आधी दिसतं तसला. धोतर खोचून, शिडीवर चढून, दोन दिवस राबून तुम्ही तो भिंतीला दिलात. गल्लीतल्या आम्ही सगळ्या बायका बघायला जमलो होतो. तुमची कारभारीण, आमच्या काकी, कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"पन्नास वर्सं ह्यांच्या डोस्क्यात काढली, आता वांग्यात काढायची," काकी म्हणाल्या. "मला कुणी इचारलं का, तुला कंचा रंग पायजे म्हून?"

आम्ही पोट धरून हसलो. काकी फार विनोदी बोलतात, असा आमचा सगळ्यांचा समज होता.

तिथून आपलं भांडण सुरू झालं, नाना. तुमच्या ओट्यावर, आमच्या ओट्यावर, एकदा तर दळणाच्या रांगेत. मी म्हणायचे, सगळ्यांनी आपापलंच धरून ठेवलं तर त्याला गाव कशाला म्हणायचं? वस्ती म्हणा, नुसती घरं म्हणा. तुम्ही म्हणायचात, "रस्ता समद्यांचा, पाणी समद्यांचं, तिथं खुशाल हात मोजा. पण कुणी काय खावं, भिंतीला काय फासावं, कुणापुढं हात जोडावं, हितं हात मोजायचे न्हाईत. हात मोजून तर उद्या तुमी म्हणचाल, गावातल्या समद्यांनी मिशा ठिवाव्या."

"त्याला बायकांचा विरोध होईल."

"मंग मी दुसरं काय म्हणायलोय!"

मला तुमचं पटायचं नाही. अजून पूर्ण पटलेलं नाही, तेवढं लिहून ठेवा. एका घरापायी सगळं गाव खोळंबतं तेव्हा ज्याच्यावर गाव चालवायची जबाबदारी असते त्याच्या जिवाला काय होतं, हे सतरंजीवर बसून कळत नाही. त्याला खुर्चीवर बसावं लागतं. आणि त्या खुर्चीवर मला तुम्हीच बसवलंत.

तपासणीची समिती आली तेव्हा गाव रुखवतासारखं मांडून ठेवलं होतं. बक्षीस आपलंच म्हणून पोरांनी तेरखेड्याहून फटाकेसुद्धा आणले होते. साहेब लोक गल्लीगल्लीनं फिरले, गुलाबी बघून बघून त्यांचे डोळे थकले असावेत, आणि तुमच्या घरासमोर येऊन उभे राहिले. एका साहेबांनी तर त्या भिंतीपुढं उभं राहून फोटो काढून घेतला. मी मनात म्हटलं, गेलं बक्षीस. दारात काकी उभ्या होत्या. साहेबांनी त्यांना सहज काहीतरी विचारलं, काकींनी सहज काहीतरी उत्तर दिलं, आणि समिती गाडीत बसून गेली.

बक्षीस दुसऱ्या गावाला गेलं. निकाल कळल्यावर चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात गावाचा निकालही लागला. वांग्यानं घात केला. फटाके कुणाच्या तरी माळवदावर सादळून गेले.

नंतर गुणांचा कागद आला. तो आधी मी आणि भाऊसाहेबांनीच बघितला. रंगाला पुरे गुण होते, नाना. पैकीच्या पैकी. शेरा लिहिला होता, 'ग्रामस्थांना आवडीनिवडीचे स्वातंत्र्य असल्याचे दिसून आले.' गुण गेले होते महिला ग्रामसभेचे. मोठ्या सभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यावी लागते. आम्ही ती कागदावर घेत होतो. मी वही घेऊन दारोदार जायचे आणि म्हणायचे, "काकी, इथं सही करा." काकी विचारायच्या, "कशाची गं?" मी म्हणायचे, "काही नाही, आपली नेहमीची." त्या दिवशी साहेबांनी काकींना एवढंच विचारलं होतं, "महिला ग्रामसभेला जाता का?" आणि काकींनी विचारलं होतं, "ती कुठं भरती?"

म्हणजे बक्षीस गेलं ते माझ्यामुळं. बाई असून बायकांची सभा न घेणारी सरपंच. मी तो कागद कपाटात साड्यांच्या खाली ठेवला आणि स्वतःला म्हटलं, उद्या सांगू. उद्या म्हणजे पुढचं वर्ष झालं.

तेवढ्या वर्षात गावानं तुमच्याशी बोलणं तोडलं. त्यात येळवस आली. आपल्याकडं मार्गशीर्षातल्या अमावास्येला शेतात कडब्याची कोप उभारतात, पूजा करतात, पालेभाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे उंडे, मडकंभर आंबील. वाटेनं जाणाऱ्या परक्या माणसालाही हाताला धरून जेवायला बसवतात. गावातला प्रत्येक माणूस त्या दिवशी दहा रानांत जेवतो आणि दुसऱ्या दिवशी उपास करतो. तुम्हाला कुणी बोलावलं नाही. आम्हीही नाही. हे म्हणाले, "राहू दे, लोक बोलत्याल," आणि मी राहू दिलं. आमच्या रानातून तुमची कोप दिसत होती. तुम्ही आणि काकी दोघंच, पुढं भरलेलं मडकं. मी ताटातली भज्जी चिवडत तुमच्याकडं बघत राहिले. पण उठून दोन बांध ओलांडून तुमच्याकडं यायला काय झालं होतं मला? सरपंच होते ना मी. लाज वाटते, नाना, आजही वाटते.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे हे मला पुढच्या आठवड्यात कळलं. कागद साड्यांखाली लपवून काय उपयोग? माहितीचा अधिकार कुठं साड्या बघतो. तुम्ही घरी आलात, चहा बशीत ओतलात आणि म्हणालात, "सूनबाई, गुणांचा कागद बघितला."

मी ओट्याला टेकून उभी राहिले. म्हणाले, "सांगणार सभेत?"

"न्हाय. कागद तुमचा हाय. तुमचं तुमी सांगा. न सांगायचाबी तुमचा हक्क हाय."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. इतकं चांगलं वागलात की मला तुमचा रागच आला. आणि माणूस चुकलेला असला की त्याला दुसऱ्याची चूक लगेच दिसते. मी म्हणाले, "मोठे हक्क सांगता. उंबऱ्याच्या आत गावानं यायचं नाही म्हणता. त्या उंबऱ्याच्या आत काकी राहतात. वांग्याचा रंग देताना त्यांना विचारलं होतं का?"

तुमची बशी ओठापाशी थांबली. चहा निवला तरी तुम्ही ती तशीच धरून होतात. मग ठेवलीत, टोपी घातलीत आणि म्हणालात, "इचार करून सांगतो." उत्तर द्यायला वेळ मागताना मी तुम्हाला पहिल्यांदा बघितलं. मला जिंकल्यासारखं वाटलं, आणि घरी कुणी नव्हतं म्हणून मी एक चमचा साखर खाल्ली. पुढं तुमचं दुखणं आलं. मी भेटायला यायचे तेव्हा तुम्ही डोळे मिटून असायचात. मला वाटायचं, विचार चालू आहे.

आता परवाची सभा. पहिलाच विषय तुमचा शोकप्रस्ताव. सगळं गाव आलं होतं. तुमची सतरंजीवरची जागा मोकळी सोडून लोक दाटीवाटीनं बसले होते. भाऊसाहेब वही उघडून वाचायला लागले. "गावचे ज्येष्ठ नागरिक ज्ञानोबा यांच्या दुःखद निधनाबद्दल ही सभा शोक व्यक्त करीत आहे. चर्चेअंती ठराव मंजूर. विरोध : एक. ज्ञानो..."

आणि ते थांबले. हाताला लागलेली सवय, नाना. घरून लिहून आणताना ती ओळ आपोआप उतरली होती. क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग मागं कुणीतरी फस्सकन हसलं आणि सगळी सभा हसत सुटली. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. हसता हसता थोरले दीर एकदम ओक्साबोक्शी रडायला लागले आणि मग हसणं कुठं संपलं आणि रडणं कुठं सुरू झालं ते समजलं नाही. भाऊसाहेबांनी डोळे पुसले आणि मला विचारलं, "ताई, खोडू का?"

"थांबा," मी म्हणाले. "आधी मला बोलायचं आहे."

मी कागद बरोबर नेला होता. खरं तर तुम्ही गेल्यापासून रोज पिशवीत घेऊन फिरत होते. मी सगळा वाचला. रंगाचे पुरे गुण वाचले, महिला सभेचा भोपळा वाचला. म्हणाले, "बक्षीस नानांमुळं गेलं नाही. माझ्यामुळं गेलं. मला वर्षभर ठाऊक होतं आणि त्यांनाही ठाऊक होतं." हे सतरंजीचा दोरा ओढत बसले होते. मला वाटलं, आता मला खाली उतरवतात. पण कुणी मला काही बोललं नाही. मला वाटतं, प्रत्येक जण येळवशीचा दिवस आठवत होता.

मग थोरले दीर उठले. म्हणाले, "नानाची भिंत हाय तशी ठिवायची. कुणी बोट लावायचं न्हाय. दर साली पंचायतीनं त्योच वांगी रंग द्यायचा. ह्याच ठरावात घाला."

हात असे वर गेले म्हणून सांगू. म्हातारे, पोरं, ज्यांनी तुम्हाला नावं ठेवली ते सगळे. ह्यांचा तर आधी वर गेला. माझाही गेला. मला वाटलं, झालं, तुमच्या विरोधाला गावानं डोक्यावर घेतलं, तुमचं ऋण फिटलं. मी 'सर्वानुमते' म्हणायला तोंड उघडलं.

"थांबा. माझा विरोध हाय."

अंगावर काटा आला, नाना. आवाज दारातून आला होता. दारात, चपलांच्या ढिगाजवळ काकी उभ्या होत्या. सव्वा महिना होईपर्यंत बाहेर पडायचं नाही असं बायकांनी त्यांना बजावलं होतं. त्या पडल्या होत्या.

"आवं काकी," थोरले दीर म्हणाले, "नानाची आठवण म्हून करायलोय."

"आठवणी माझ्याकडं लई हायत. तुमाला वाटून उरत्याल. भिंत माझी हाय. गुलाबी झाली तवा ह्यांनी इचारलं न्हाय, वांगी झाली तवा इचारलं न्हाय. आता तुमी ठराव करायलाव. मला कुणी इचारलं का?"

तोच प्रश्न. तेच शब्द. ह्या वेळी कुणी हसलं नाही. मला तुमची ती ओठापाशी थांबलेली बशी दिसली. आणि सह्यांची वही घेऊन त्यांच्या दारात उभी असलेली मीही दिसले.

मी विचारलं, "काकी, तुम्हाला कुठला रंग हवा आहे?"

"ते ठरवलं न्हाय अजून," काकी म्हणाल्या. "गुलाबी करीन, न्हाय तर वांगीच ठिवीन. बघू. मला घाई न्हाय. पण ठराव करू नगा."

मी वर गेलेल्या हातांकडं बघितलं. इतके हात माझ्या बाजूनं कधीच वर गेले नव्हते. मी म्हणाले, "हात खाली घ्या. इथं हात मोजायचे नाहीत." तुमचं वाक्य चोरलं. तुमची हरकत असेल तर कळवा. भिंतीचा भाग मी ठरावातून काढला आणि भाऊसाहेबांना म्हणाले, भिंतीच्या सूचनेला झालेला विरोध मात्र लिहून घ्या.

भाऊसाहेबांनी पेन उचललं. "काकी, नाव सांगा."

"द्रौपदी."

सतरा-अठरा वर्षं मी त्यांना काकी म्हणते. सहीच्या वहीत ते नाव शंभरदा बघितलं असेल. त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

"पुढं?"

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. पन्नास वर्षं जे नाव काकींनी तोंडानं घेतलं नाही ते त्या आता कुठून घेणार होत्या? भाऊसाहेब बिचारे पेन धरून वाट बघत होते. नियम म्हणजे नियम, पूर्ण नाव पाहिजे. काकींनी पदर डोक्यावर नीट ओढून घेतला.

"पुढचं तुमच्या वहीत हायच की," त्या म्हणाल्या. "दर पानावर."

भाऊसाहेबांनी वहीत बघितलं. मग काहीच खोडलं नाही. तुमच्या नावाच्या आधी थोडी जागा होती, तिथं त्यांनी बारीक अक्षरात काकींचं नाव बसवलं आणि वही माझ्याकडं सरकवली. मी उभी राहिले. ह्या वेळी डोळे मिटले नाहीत. मोठ्यानं, शेवटच्या सतरंजीपर्यंत ऐकू जाईल असं वाचलं.

"विरोध : एक. द्रौपदी ज्ञानोबा."